अख्खी भिंत

चौक लिहायला मंगळी एका पायावर तयार होती, पण तिची एक अट होती. भिंत अख्खी पाहिजे. मधे खिडकी नको, दार नको, साधा कोनाडासुद्धा नको.

मंगळीच्या पाड्यावर चौक काढत नाहीत, लिहितात. लग्नाच्या आदल्या दिवशी सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने मोठा चौकोन लिहितात आणि त्याच्या पोटात पालघट देवी बसवतात. ती आली तर लग्न लागतं. नवरा उशिरा आला तर लोक चार शिव्या देऊन गप्प बसतात, पण देवी आली नाही तर मांडव उभा असूनही लग्न नाही. ही पालघट आणायचं काम गेली कित्येक वर्षं मंगळीकडे होतं. जव्हारच्या बाजूच्या पाड्यांत तिने इतक्या भिंती लिहिल्या होत्या, की कुणाच्या संसारात खटका उडाला तर लोक आधी विचारायचे, चौक कुणी लिहिला होता? मंगळीचं नाव निघालं की म्हणायचे, मग नवऱ्याचंच काहीतरी चुकलं असणार.

आता लग्न होतं तिच्या भावाच्या मुलीचं, भाग्यश्रीचं. भाऊ जानू तरुणपणी तारापूरच्या कारखान्यात कामाला आला तो बोईसरचाच झाला. भाग्यश्री तिथेच वाढली, पालघरच्या एका दवाखान्यात नर्स झाली आणि स्वतःच्या पगारावर तिने बोईसरला फ्लॅट घेतला. लग्न पाड्यावरून करू या, असं मंगळीने सुचवून पाहिलं. पण भाची कुणाची? अट घालण्यात तीही आत्यावर गेलेली.

"माझं लग्न माझ्या घरातून होणार, आत्या. चौक पण माझ्या भिंतीवर."

"तुझं घर दुसऱ्या माळ्यावर हाय ना? खालती दुसऱ्याचं घर, त्याच्या खालती दुकान. मंग तुझी जमीन कुठं हाय?"

"कागदावर हाय."

"पालघट कागदावर कशी उतरायची, पोरी?"

"तू उतरवशील. आणि अख्खी भिंत मागतेस ना, ती मी देते. बघच तू."

मंगळीने फोन ठेवला, पण तिला ते काही पटेना. आजवर तिने लिहिलेली एकूण एक भिंत जमिनीतून वर आली होती. माती खालची, भिंत त्याच मातीची, शेण अंगणातलं, तांदूळ समोरच्या वावरातला. देवीला यायला वाट सरळ होती. जमिनीला न टेकलेल्या घरात ती येईल का, हे कुणाला ठाऊक? आणि नाही आली तर भोगायचं कुणी? भाग्यश्रीने. ही पोर जन्मली तेव्हा तिला मंगळीने न्हाऊमाखू घातलं होतं. तिच्या चौकात खोट राहिली असती तर मंगळीने हातात परत लिहायची काडी धरली नसती.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ती चैतीला घेऊन बोईसरला उतरली. चैती म्हणजे धवलेरी, लग्नात देवीची गाणी म्हणणारी. मंगळी लिहायची आणि चैती गायची, ही जोडी जुनीच. इमारतीच्या दारात वॉचमनने लिफ्टचं बटण दाबून दिलं, पण मंगळी जिन्याकडे वळली. ओच्यातले तांदूळ पायरीपायरीवर टाकत ती वर चढू लागली.

"अम्मा, चावल गिर रहा है," वॉचमन खालून म्हणाला.

"पडू दे बाबा. मागून येणारीण हाय. तिला वाट दाखवतूं."

वॉचमनला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. तो मोठा कर्तव्यदक्ष माणूस. मंगळी दुसऱ्या माळ्यावर पोचून कठड्यावरून खाली वाकून बघते, तर हा गडी झाडू घेऊन एकेक पायरी लख्ख करत वर येत होता. मंगळी त्याला थांबवायला परत खाली निघाली. चैतीने तिचा दंड धरला आणि तिला आत नेलं.

भावजय लाडकी दारातच भेटली. मांडववाल्याचा टेम्पो चुकून शेजारच्या गल्लीत शिरला होता, म्हणून ती तरातरा खाली निघाली होती. "भाग्या झोपलीय, हळद लावून लावून पोरींनी तिला दमवली. उठवू नका. पाणी फिल्टरमधी हाय, आणि भिंत ती समोरची," एवढं सांगून ती जिन्यावरून दिसेनाशी झाली.

मंगळीने घर बघितलं. एक मोठी खोली, एक स्वयंपाकघर, एक बाल्कनी, आणि कोपऱ्यात मोरी. बस. भाग्यश्री कुठे दिसली नाही, ती शेजाऱ्यांकडे झोपली असेल असं तिने धरलं. एवढ्या पगाराची पोर आणि एवढंच घर. झोपायला वेगळी खोलीसुद्धा नाही. तिला भाचीची फार कीव आली. फोनवर केवढा तोरा होता.

मग तिने भिंतीकडे बघितलं आणि बघतच राहिली.

भिंत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत होती. खिडकी नाही, दार नाही, खिळा नाही. नुसती भिंतही नाही, तर शेणामातीने सारवून वर गेरू दिलेली भिंत. हाताच्या बोटांचे अर्धगोल फराटे, अधूनमधून भाताच्या पेंढ्याची काडी, सगळं जिथल्या तिथे. बोईसरच्या दुसऱ्या माळ्यावर, फिल्टर आणि टीव्हीच्या मधोमध, तिच्या आईच्या घराची भिंत उभी होती. मंगळीने तोंडात बोट घातलं. ती पुढे झाली आणि तिने तळवा टेकवला. डोळा म्हणत होता माती, हात म्हणत होता कागद. वास तर कसलाच नव्हता.

"कागद चिकटवलाय," चैती नखाने चाचपून म्हणाली. "माझ्या लेकीकडं पालघरला असाच हाय, फुलाफुलाचा. पट्ट्यापट्ट्यांनी लावतात. हे बघ, हा सांधा."

केसाएवढी एक रेघ भिंतीवरून उभी खाली आली होती. कागद म्हटला की सांधा असायचाच, एवढं मंगळीला पटलं. पण तिचं लक्ष सांध्यावर नव्हतं. सांध्याच्या अगदी लगत, छातीच्या उंचीवर, हळदीचे दोन हात उमटले होते. ओले, पिवळेधमक, पाची बोटं स्पष्ट.

ते बघून मात्र तिचा जीव भांड्यात पडला. मंगळीच्या पाड्यावरची रीत अशी, की हळद लागली की नवरी भिंतीला दोन्ही हात टेकवते. ती हात ठेवेल तिथे चौक बसतो, अगदी मधोमध तिथेच. भिंतीवर जागा नवरीने दाखवायची, सवाशिणीने शोधायची नाही. बोईसरला वाढलेल्या पोरीला ही रीत कुणी शिकवली असेल? कुणी का असेना. कागदाच्या का होईना, पण भिंतीवर तिने हात ठेवला होता. मंगळीने पदर खोचला.

तांदळाचं पीठ तिने घरूनच आणलं होतं. त्यात डिंकाचं पाणी घातलं, बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ केलं आणि पहिली रेघ ओढली. कागदाने पीठ धरलं. त्याबरोबर चैतीने गाणं उचललं.

आता चौक पुरा होईपर्यंत गाणं थांबणार नव्हतं, आणि गाणं चालू असताना घरातल्या कुणी कुणाला हाक मारायची नव्हती. हाक मारली की वाटेवर असलेल्या देवीला वाटतं, आपल्यालाच माघारी बोलावताहेत, आणि ती पाऊल वळवते. लाडकी मधे एकदा वर आली, दारातच थबकली, तिचा हात एकदम तोंडावर गेला. ती भिंतीकडे बोट दाखवून काहीतरी खुणा करत होती. मंगळीला वाटलं, चौक बघून भावजय भारावली. तिने मान डोलावली आणि पुढे लिहीत राहिली. लाडकीने थोडा वेळ हातवारे केले, मग कपाळाला हात लावून ती उंबऱ्यातच बसली.

चौकोनाच्या चारी बाजू झाल्या. साखळ्या झाल्या, शिडी झाली, एका कोपऱ्यात सूर्य आणि एका कोपऱ्यात चंद्र झाला, नवरा-नवरीचा घोडा झाला. ऊन बाल्कनीतून आत आलं. मग मंगळी मधल्या मोकळ्या जागेपाशी आली, हळदीच्या हातांपाशी, आणि देवी लिहायला लागली. आधी डोकं, मग खांदे. सांधा बरोबर देवीच्या मधून जात होता, त्यामुळे डावं-उजवं मोजायची गरजच पडत नव्हती. ती पोटाशी आली तेव्हा भिंतीतून बांगड्या वाजल्या.

तिची काडी जागच्या जागी थांबली. गाणं चालूच होतं. चैतीचे हात मांडीवर होते, लाडकीचे गालावर. शेजारच्या घराचा आवाज नव्हता तो, इतका जवळचा होता. मंगळीने श्वास रोखून कान पुढे नेला. काचेच्या बांगड्या, अगदी हळू, तिच्या काडीच्या पलीकडे, कागदाच्या आत. आणि मग कुणीतरी सोडलेला उसासा.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मंगळीने मोठमोठ्या पाटलांच्या भिंती लिहिल्या, भगत अंगात देव घेऊन घुमताना बघितले, पण देवीचा श्वास स्वतःच्या कानांनी तिने कधी ऐकला नव्हता. तिच्या अंगावर सरसरून काटा आला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. वॉचमनने झाडलेले तांदूळ, खालचं दुकान, कागदाची भिंत, सगळं ओलांडून ती आली होती. उरलेली देवी मंगळीने कशी लिहिली हे तिचं तिला सांगता आलं नसतं. हात आपोआप चालत होता. शेवटची रेघ पहिल्या रेघेला भिडली आणि चैती थांबली.

खोली शांत झाली. त्या शांततेत देवी बोलली.

"आत्या, झालं का? मी आत हाय."

मंगळीने जमिनीवर लोळण घ्यायची तेवढी बाकी ठेवली होती. पण आवाज ओळखीचा होता. फारच ओळखीचा.

"भाग्या?"

"झोपले होते ग. जाग आली तं तुमचं गाणं चालू. मंग हाक कशी मारणार? बसले दाराला टेकून."

"कसल्या दाराला?"

लाडकीने इतका वेळ दाबून ठेवलेला श्वास सोडला आणि सगळं सांगून टाकलं. भिंतीत दार होतं. भाग्यश्रीच्या झोपायच्या खोलीचं. आत्याने अख्खी भिंत मागितली, आणि घरात एकही भिंत बिनदाराची नव्हती. मग भाग्यश्रीने मोबाईलवर कुठेतरी बघितलं, जितेश मिस्त्रीला बोलावलं, दाराची बाहेरची कडी काढायला लावली, चौकटीच्या पट्ट्या उखडून खाचा बुजवल्या आणि दारासकट भिंतीवर एकच कागद चढवला. आता दार दाबलं की उघडतं, सोडलं की आपोआप मिटतं. सांधा कागदाचा नव्हता, दाराचा होता. आणि हळदीचे हात रीतीचे नव्हते. हळद लागलेली पोर झोपायला गेली, तेव्हा तिने दार ढकललं होतं.

"मी तुमाला सांगणार होते, बाल्कनीकडच्या बाजूला लिहा म्हणून," लाडकी रडकुंडीला आली होती. "तो मेला टेम्पो मधी आला."

मंगळी मटकन खाली बसली. तिने चौक चौकटीवर लिहिला होता. अर्धी पालघट भिंतीवर होती आणि अर्धी दारावर. बांगड्या पोरीच्या होत्या, उसासा पोरीचा होता. देवी आलीच नव्हती. आणि आता तर त्याहून वाईट. आतून नवरी बाहेर काढायची तर दार उघडायला हवं, आणि दार उघडलं की देवी उभी चिरली जाणार. लग्नाच्या आदल्या दिवशी, नवरीच्याच हाताने.

"दुसरीकडून बाहेर नाय येता येणार?" चैतीने विचारलं.

"खिडकीला ग्रिल हाय," आतून उत्तर आलं. "आणि दुसरा माळा हाय, मावशी."

"मंग उघड आणि परत लिहू."

"एकदा मिटलेल्या चौकाला काडी लागत नाय," मंगळी म्हणाली.

तेवढ्यात सुका भगत आला. चौकावर कापड टाकायचं, देवीला हाक द्यायची आणि ती आली का नाही ते सांगायचं, हे त्याचं काम. पाड्यापाड्यांत त्याचा शब्द चाले. लाडकीने त्याला सगळं सांगितलं. सुकाने तंबाखू मळायची थांबवली आणि चौकाजवळ जाऊन सांध्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"मना नाय ठाव," तो शेवटी म्हणाला. "असा चौक मी बघितला नाय. मंगळे, तू लिहिलास. तुझी देवी काय म्हणते ते तूच सांग."

सगळे मंगळीकडे बघत होते. खाली मांडवात कुणीतरी माईक तपासत होतं. मंगळी उठली आणि भिंतीसमोर उभी राहिली. तिला वाटलं होतं की देवीकडे बघवणार नाही, पण बघितलं तर देवी नेहमीसारखीच होती. तशीच भरलेली, तिच्या आईने तिला शिकवली होती तशी. पालघट म्हणजे काय, असं लहानपणी तिने आईला विचारलं होतं. आई म्हणाली होती, भरलेलं मडकं. एवढं भरलेलं की आतलं बाहेर आल्याशिवाय राहत नाही.

मंगळीला भीती वाटत होती. खूप वाटत होती. चुकलं तर पोरीचा जन्म उसवला असता. पण भिंतीपलीकडे बसलेल्या पोरीने, कुणी शिकवलेलं नसताना, गाण्याखातर सकाळभर तोंडातून शब्द काढला नव्हता. तहान लागली असेल, भूक लागली असेल, तरी दाराला टेकून ती गप्प बसून राहिली होती. देवी यायची वाट कुणीतरी राखली होती, आणि ती मंगळीने नव्हती राखली.

"चैते, गाणं घे," ती म्हणाली. "भाग्या, उभी राहा. पदर नीट घे. दार हळू ओढ आणि मी सांगेपर्यंत पाय बाहेर टाकू नको."

चैतीने गाणं घेतलं. आतून बांगड्या वाजल्या. सांध्याची केसाएवढी रेघ बोटाएवढी झाली, मग वीतभर झाली, आणि देवीची डावी बाजू हळूहळू आत वळून काळोखात गेली. लाडकीने डोळे गच्च मिटून घेतले. मंगळीने मिटले नाहीत.

देवी चिरली नाही. भिंतीवर अर्धी देवी तशीच उभी होती, पांढरी, तांदळाची. आणि उरलेल्या अर्ध्या जागेत, तितक्याच उंचीची, खांद्याला खांदा आणि डोक्याला डोकं लावून, हळदीने पिवळी झालेली एक बाई उभी होती. बाल्कनीतलं ऊन तिच्या अंगावर आलं. पांढऱ्या रेघा जिथे संपत होत्या तिथून तिचं अंग सुरू होत होतं. कुठे लिहिलेलं संपलं आणि कुठे जिवंत सुरू झालं, ते मंगळीला कळेना. तिने लिहिलेल्या एवढ्या सगळ्या देव्यांपैकी एकीने आज पहिल्यांदा डोळे मिचकावले होते.

चैतीचं गाणं आपोआप बारीक झालं. सुका भगताने देवीला हाक दिली नाही. त्याने डोक्याचं फडकं काढलं, ते हातात घेतलं आणि मान खाली घालून उभा राहिला. ती आली का, हे त्याला कुणी विचारलंही नाही.

"ये," मंगळी म्हणाली.

भाग्यश्री चौकातून बाहेर आली. तिच्या मागे दार आपल्या चालीने, कुणी हात न लावता, मिटत गेलं. डाव्या खांद्याला उजवा खांदा भिडला, साखळीला साखळी भिडली, पोट पुरं झालं. मंगळीने पुढे होऊन सांध्यावरून हात फिरवला. एक रेघही तुटली नव्हती. पिठाचा कणसुद्धा गळला नव्हता. दार कुठे होतं ते आता तिलाही सांगता आलं नसतं.

"आत्या, पाणी दे आधी, घसा सुकला," असं म्हणत भाग्यश्री सवयीने आत्याच्या पाया पडायला वाकली.

मंगळीने पटकन पाय मागे घेतले. तिने भाचीला खांद्यांना धरून सरळ उभं केलं, आणि मग गुडघे दुखत असतानाही, भिंतीचा आधार न घेता, ती स्वतः खाली वाकली आणि तिने पोरीच्या हळदीच्या पावलांवर डोकं ठेवलं.